कोरा

इनास परेरा मनोरीहून आले,
खाडी ओलांडून, दोन रिक्षा बदलून,
अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या खिडकीशी,
आणि पिशवीतून रमची बाटली काढून ठेवली.
विहिरीचं पाणी.
कोणीतरी सांगितलं होतं त्यांना, बाटली तपकिरी पाहिजे,
उजेडात औषध मोडतं.
ते खरंच आहे. पण झाकण उघडलं
तर आत अजून नाताळ दरवळत होता.
त्यांना हसू आलं, मलाही.
मी आमची बाटली दिली, धुतलेली, भाजलेली.
ते पुन्हा खाडीपलीकडे गेले.

विहिरीला लागून रिसॉर्ट झालाय, लाकडी खोल्यांचा.
पायात वाळवीचं औषध ओतलं.
वास तीन दिस होता, इनास म्हणाले,
वास गेला, तवा भ्याव वाटला.

नमुना क्रमांक चारशे सतरा.
एक लिटर पाणी, त्यात हेक्झेन.
फनेल आडवा धरून हलवायचा, मध्येच तोटी उघडायची,
कोंडलेली हवा फुस्सकन जाते.
मग उभा करून थांबायचं.
वर हेक्झेन, खाली पाणी,
मधली रेघ ठरेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही
(हा नियम माझा, पुस्तकातला नाही).
लिटरभर विहीर आटवत आटवत
थेंबावर आणायची
आणि यंत्राला पाजायची.

अकरा मिनिटं चाळीस सेकंदांवर
सपाट रेघेनं खांदा उचलला.
मी खूश झाले, कबूल करते.
सापडल्याचा आनंद आधी होतो,
काय सापडलं ते नंतर कळतं.

मग कोरा नमुना पाहिला.
कोरा म्हणजे काहीच नसलेलं पाणी,
आमचंच, गाळलेलं,
सगळ्या सोपस्कारांतून तसंच नेलेलं,
आपली नियत तपासायला.
त्यातही अकरा चाळीसला शिखर.
बुटकं. पण होतं.

हेक्झेन बदललं. काच पुन्हा भाजली.
चिटणीस सर म्हणाले, सिरिंज बघा. बघितली.
तिसऱ्या रात्री घरी, कांजूरला,
चार्जर लावायला वाकले
तर भिंतीच्या कडेनं वीत-वीतभर अंतरावर
पांढऱ्या सिमेंटनं बुजवलेली भोकं.
सोमवारी वाळवीवाला येऊन गेला होता,
मीच बोलावलेला, मीच घासाघीस करून.
वर खुंटीला माझा एप्रन.

आख्खी बॅच टाकून दिली.
इनासना फोन केला, पाणी परत लागेल.
का, विचारलं नाही त्यांनी.
मी सांगितलंही नाही.

या खेपेला कोरा कोरा राहिला.
विहिरीचं शिखर राहिलं,
आधीपेक्षा ठेंगणं.
वरचा तेवढा वाटा माझा होता.

अहवालात आकडा, एकक, मर्यादा.
मर्यादेच्या पुष्कळ खाली.
इनास ओळीखाली बोट सरकवत गेले,
कागद उलटून पाहिला,
मागे काही नव्हतं.
बाय, पियाचा का नाय?

तो रकाना अहवालात नसतो.
दिवाळीनंतर पुन्हा आणा, मी म्हटलं, पुन्हा बघू,
आणि एक भाजलेली बाटली पुढे केली.
त्यांनी ती घेतली. मग विचारलं,
माझी ती रमची कुठंय?
माझ्याच टेबलावर होती.
मी धुऊन ठेवली होती,
तीनदा, ॲसिटोननं,
सवयीनं.