एकतीस जानेवारी अधिक एक महिना

गड्ड्यावरचे पाळणे उतरवत होते त्या दिवशी.
साखर पेठेत, टॉवेलच्या दुकानावरच्या माडीत
मी पतसंस्थेच्या हप्त्यांचा प्रोग्राम लिहीत होतो
आणि मशीनला एवढंच सांगितलं होतं:
आजच्या तारखेत एक महिना मिळव.

यात चुकण्यासारखं काय आहे?

मशीनने महिना एकने वाढवला, तारीख तशीच ठेवली:
एकतीस फेब्रुवारी.
मग आपलं आपणच उमजून घेतलं
की असा दिवस नसतो,
आणि उरलेले तीन दिवस मार्चच्या ओटीत टाकून
छापून मोकळं झालं, तीन मार्च.
ना लाल अक्षर, ना घंटी.
अख्खा फेब्रुवारी
पाय न पडलेल्या पायरीसारखा मागे राहिला.

मला हे कळलं अठ्ठावीस तारखेला.
बालामणी गज्जम, विडी घरकुल, कर्जखाते चारशे सात,
रुमालात हप्ता बांधून खिडकीशी उभी.
"या महिन्यात तुमचा हप्ताच नाही, मावशी,"
म्हेत्रे कॅशियर म्हणाला, "स्क्रीनवर येत नाही."
दुसरं कुणी असतं तर खूश होऊन गेलं असतं.
ती हलेचना.
"नाही कसं म्हणता ओ?
रोज हजार विड्या वळल्या की मी या महिन्यात.
पानं मोजून दिली, विड्या मोजून घेतल्या,
खराब म्हणून मूठभर फेकल्या त्यापण याच महिन्यात.
आज जो मागत नाही
तो उद्या दुप्पट मागतो.
लिहून घ्या."
म्हेत्रेने माझ्याकडे पाहिलं.
मी पुस्तकात पेन्सिलने लिहिलं, सही केली.

रात्री एकटा बसून मशीनला मागे पुढे चालवलं.
एकतीस जानेवारीतून एक महिना पुढे,
तिथून एक महिना मागे:
तीन फेब्रुवारी. निघालो तिथे पोचलोच नाही.
एकतीस मार्चमधून एक महिना वजा केला, तर तीन मार्च.
महिनाभर मागे चाललो
आणि मार्चच्या बाहेर पडलो नाही.
पंचांगवाला बरा, निदान सांगतो तरी:
अमुक तिथीचा क्षय, तमुक तिथी दोनदा,
यंदा धोंड्याचा महिना, जावयाला बोलवा.
हरवलेल्या दिवसाची छापील कबुली असते तिथे.

नायनांना सांगितलं. चाळीस वर्षं मागावर,
कान त्या खडखडाटातच ठेवून आलेले,
म्हणून ओरडून सांगितलं.
"म्हणजे तार तुटली आणि माग थांबला नाही," ते म्हणाले.
"गाठ कुठे मारलीस?"
तुटली तिथेच, म्हटलं. तो दिवस नसेल
तर त्या महिन्याचा शेवटचा धरायचा. अठ्ठावीस.
"आणि मार्चला?"

मार्चला अठ्ठावीस. एप्रिलला अठ्ठावीस.
एकदा आखडलेली तारीख
पुन्हा कधी एकतीसवर गेलीच नसती.
हे मला सुचलं नव्हतं.

"मागच्या खुणेपासून मापू नये," नायना म्हणाले,
"दर खेपेला काठापासून मापावं.
नाहीतर चादर बोटाबोटाने कमी होते
आणि गिऱ्हाईकाला घरी गेल्यावर कळतं."
मी उठून ओळ बदलली.
प्रत्येक हप्ता आता पहिल्या तारखेपासून मोजतो:
एकतीस, अठ्ठावीस, एकतीस, तीस.
चारशे सातची पेन्सिल मात्र तशीच राहू दिली.

परत आलो तेव्हा ते खाटेवर बसूनच होते,
हात गुडघ्यावर, धोटा अडकल्यावर बसावं तसे.
काठाचं हे कुणी शिकवलं, मी विचारलं.
"अंबादासने," म्हणाले. "परवा अंबादास..."

परवाचं दार दोन्हीकडे उघडतं.
हल्ली नायना वाक्य मध्येच ठेवून देतात.
अंबादास गेला की येणार,
मी क्रियापदाची वाट बघत बसलो.