वजनाची चिठ्ठी

कोडियाकच्या धावपट्टीला लागून पत्र्याची खोली आहे,
तिथे मी बसते. अकरा वर्षं झाली.
सहा माणसांचं विमान, मधे टपाल, कुत्र्यांच्या खाण्याची पोती,
कधी कुणाच्या मांडीवर लग्नाचा केक.
धुकं निघालं की उडायचं. नाही निघालं तर कॉफी.

माझ्याकडे एकच प्रश्न असतो:
किती?

पुरुष लांबूनच ओरडून सांगतात.
मित्रोफान तर दार उघडता उघडता: दोनशे नव्वद पौंड!
वर पोटावर थाप, आणि खोलीभर हशा.
हिवाळ्याची बेगमी, असं कुणीतरी म्हणतं,
बायको हात राखून वाढत नाही, असं दुसरा.
डेल त्याला पुढे बसवतो, वैमानिकाच्या शेजारी,
कानाला यंत्र लावून देतो, खाडीतले देवमासे दाखवतो.
वजनदार माणूस.

बायकांसाठी मी चिठ्ठ्या ठेवल्या.
तसं कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्याच उन्हाळ्यात मी किती म्हटल्यावर
एकजण नुसती माझ्याकडे बघत राहिली,
आणि मागे रांग होती.
तेव्हापासून जुन्या पावत्यांचे तुकडे, दोरीला बांधलेली पेन्सिल.
घडी घालून देतात. काही दोनदा घालतात.

त्या आकड्यांत मी वीस मिळवते.
कधी तीस, चेहरा बघून.
डेलला हे ठाऊक आहे, आम्ही त्यावर बोलत नाही.
विमान काही कागदावर उडत नाही.

झोया, मित्रोफानची बायको.
एकाच घरातला मासा, एकच लोणी,
बोटीवरचे दोर ओढायला दोघंही.
तिच्या चिठ्ठीत एकशे साठ.
मी मान वर केली नाही. नव्वद मिळवले.
बाकावरची दोन पोरं
विमान एका अंगाला कलल्याचं सोंग करत होती,
आणि त्यांना दटावणारी आई
स्वतःचे ओठ दाताखाली धरून होती.
मित्रोफान हसला, सगळ्यांबरोबर, सगळ्यांहून मोठ्याने.
झोयाने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.
जुलै चालू होता.

मग मित्रोफानचं हृदय.
अँकरेजला तीन महिने, छातीवर उभी शिवण.
परत निघाला तेव्हा
त्याचा जुना कोट त्याच्यावर
खुंटीवर टांगल्यासारखा.
कुणी थाप मारली नाही. मारायची कुठे?
अरेरे, किती खंगलास रे, म्हणत
बायकांनी त्याच्या हातात डबे दिले, भाजलेल्या मुळ्यांचे, सूपचे.
(झोया अशी वाळून आली असती
तर ह्याच विचारत्या, काय केलंस ग? आम्हालाही सांग.)

दारातून आरोळी आली नाही.
तो टेबलाशी आला, हळू आवाजात म्हणाला,
चिठ्ठी आहे का एक?
पेन्सिलीची दोरी त्याला पुरेना, वाकून लिहिलं,
घडी घातली. दोनदा.

दोनशे नव्वद.

अकरा वर्षांत पहिल्यांदा
मी कुणाच्या आकड्यातून वजा केलं.
किती करायचं कळेना.
चेहरा बघून ऐंशी केले, मग आणखी दहा.

झोयाने आपली चिठ्ठी दिली तर ती कोरी.
तूच लिही, म्हणाली.
इतकी वर्षं तूच तर लिहितेस.

माझे कान तापले.
मी लिहिलं, तिने वाकून पाहिलं,
आणि आठाचा नऊ केला.

डेलने कागद बघून तिला पुढे बसवलं.
मित्रोफान मागे, टपालाशेजारी, डबे सांभाळत.
काचेतून मला तिचं डोकं दिसत होतं,
कानाचं यंत्र केसांवर तिरकं बसलेलं,
आणि डेल खाडीकडे बोट दाखवत होता.

पंख दिसेनासे झाले तशी मी चिठ्ठ्या गोळा केल्या.
टेबलाखाली खरा काटा आहे, कंपनीने दिलेला.
त्यावर मी कॉफीची पोती ठेवते.
माझं वजन कुणी विचारत नाही.
मी कुठे जात नाही.