आस

शुक्रवारी वागळे इस्टेटला सुट्टी, शेडमध्ये लाइट नाही,
म्हणून वाकरूळकरांना शुक्रवारीच बोलावलं.
चरईतून चालत आले. खिशात डायल,
रुमालात गुंडाळलेला, अंडं आणावं तसा.

"आधी दगड वाजव."
नवा दगड पांढरा, खडीसाखरेसारखा.
बोटावर लटकवला, पटाशीच्या मुठीनं टोकला.
टण्ण.
"तडा नाही. आता तो जुना."
जुना करडा दगड घसा बसल्यासारखा बोलला.
अकरा वर्षं मी त्याच्यासमोर तोंड ठेवून उभा होतो.

वडील कातारी. लाटणी, पाळण्याचे खूर, भोवरे.
त्यांच्या गोल पटाशीचं पातं तेव्हा वीतभर.
कुरुंदावर पाणी शिंपडत धार लावायचे,
शेजारचा चहा निवायचा.
मला घाई होती, मी ग्राइंडर घेतला.
मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे, दिवाळी नुसती,
आणि टोक निळं.
निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं.
तेवढं घासून टाकायचं,
टाकता टाकता पुन्हा निळं.
आता पातं चार बोटं उरलंय.
लाकडानं नाही खाल्लं ते. मी खाल्लं.

म्हणून यंदा ग्राइंडरच्या पोटातलं तांबं काढलं,
किलोवर विकलं,
आस तेवढा ठेवला.
मेहुणीच्या बाद वॉशिंग मशीनची मोटर, वर पट्टा,
फेरे निम्मे.
दगडाचं भोक मोठं, आस बारीक;
मधला बुश वाकरूळकरांनी घरच्या लेथवर काढला.
पैसे विचारले तर चष्मा पुसत बसले.

डायल लावून दगड हातानं फिरवला.
काटा तीन घरं हलला.
"तीन घरं म्हणजे?"
"केसाच्या निम्म्यात."
"मग चालेल की."
"हाताला कळतं रे. हात बोलत नाही, एवढंच."
विडीबंडलाच्या कागदाची चकती कापून मागे सरकवली.
अर्धं घर.
पाच वाजले तसे उठले, शब्बाथच्या आत घरी पोचायचं.
जाताना पाचाचं जुनं जाड नाणं हातावर ठेवलं:
"उद्या मी नाही. चालू केलास की डोक्यावर हे उभं कर.
पडलं तर बंद कर आणि रविवारची वाट बघ."

शनिवारी बटण दाबलं.
धडधड येईल म्हणून खांदे आपोआप वर गेलेले,
ते तसेच राहिले, ओशाळून खाली आले.
नाणं कडेवर उभं. त्यावरचा आकडासुद्धा वाचता येत होता.

धार लावली. टोक गरम झालं,
अंगठ्याला सोसेल इतपत.
कोलशेतला रस्त्यासाठी पाडलेल्या शिरीषाचा ओंडका
लेथवर धरला, पटाशी टेकवली,
आणि साल निघाली सलग, फितीसारखी,
माझ्या कोपरावरून खाली, चपलेत.

मग वहीत हिशेब मांडला.
चार बोटं पोलाद, धारेला जाणार केसभर,
आठवड्याला दोन धारा.
गुणाकार अर्ध्यावर सोडला.
मी एकसष्टचा. पटाशी केव्हाच पुढे निघून गेली होती.

बटण बंद केलं. दगड सावकाश फिरत राहिला.
नाणं त्याच्याही नंतर पडलं,
मीच शिंकलो म्हणून.

रविवारी परत द्यायला गेलो.
उभं राहिलं का, त्यांनी विचारलं नाही.
माझा अंगठा धरून उजेडात उलटा केला,
पट्टी बघितली.
"कापलं ना? बरं झालं," म्हणाले,
आणि नाणं खिशात टाकलं.