न्चेऊ अजून यायचंय

पाहुणे आले ते सामानासकट मोठ्या आवाजात.
भाजणी, कुळथाचं पीठ, चार जातींचे पापड,
आणि डब्यात घट्ट बसवलेले मेथीदाणे,
जे हातात घेऊन लिलाँग्वेचा कस्टमवाला म्हणाला,
हे बियाणं आहे का?
हेरंब म्हणाला, नाही, हे आम्ही खातो.
हेरंब बियाण्यांच्याच कंपनीत आहे.
आठ वर्षांत इतकं थोडक्यात
तो बियाण्याबद्दल कधी बोलला नव्हता.

नलूवहिनींनी पहिल्याच संध्याकाळी
भिंतीवरची विजेची तार पाहिली.
एवढी भीती कुणाची गं?
मी म्हटलं, सगळ्यांकडेच असते.
तारेत बहुतेक रात्री वीज नसते,
ते काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पेट्रोल संपलं,
आमचं नाही, देशाचं.
हेरंब पहाटे चारला रांगेत, थर्मास घेऊन.
यशोधनदादाही गेले, हौसेने,
आणि नऊला चालत परतले
रांगेविषयी ठाम मत घेऊन.
रांग तिथेच होती.
सरोवर बघायचं राहिलं.
बाजूला काढलेल्या दोन टोप्या
सोफ्यावर तशाच, दोन पाहुण्यांसारख्या.

मग काय, जेवणाचं टेबल आणि तिकडचं राजकारण.
कोण फुटला, कोण कुणाच्या मांडीवर जाऊन बसला,
कुणाचा भाचा कुठल्या बँकेवर.
दादांचा आवाज चढला, हेरंबचा त्याच्यावर,
भाऊच ते, आमटीसुद्धा थरथरली.
तुम्ही लांब बसून काय शिकवता? दादा म्हणाले.
मत तरी देता का?

तेवढ्यात दिवे गेले.
एस्नातने मेणबत्ती आणून
दोघांच्या बरोबर मध्ये ठेवली
आणि उष्टी ताटं उचलायला लागली, न विचारता.
अंधारात वहिनी म्हणाल्या, भात आहे का अजून?

मी चहा घेऊन फाटकाशी गेले.
ग्रेशमचा रेडिओ त्याच्या मांडीवर,
चिचेवा वाहतंय आणि मध्येच
दगडासारखे इंग्रजी आकडे.
त्याने आवाज बारीक केला, उभा राहिला.
मॅडम, कोण वारलं?
कुणी नाही, मी म्हटलं. निवडणूक.
तुमच्याकडेही कालच झाली?
नाही. दोन वर्षं झाली.
त्याने चहात साखर ढवळली, चार चमचे, सावकाश.
आणि अजून?

यावर मला उत्तर सुचलं नाही.

तो रजा घेऊन न्चेऊला जाऊन आला होता,
नाव तिथल्या यादीत म्हणून.
जाताना ट्रकच्या टपावर, येताना मक्याच्या पोत्यांवर,
शेवटचे अकरा मैल भाड्याच्या सायकलवर मागे बसून.
पंधरा दिवसांच्या पगाराला भोक.
बोट वर करून दाखवलं त्याने,
कंदिलात शाई काळी नाही, जांभळट दिसली.
मागे एकदा, तो म्हणाला,
आकड्यांवर पांढरा रंग फासला होता त्यांनी,
तो लिहिताना चुकलं की लावतात तो.
कोर्टाने सगळं पुन्हा करायला लावलं.
हे सांगताना तो असा ताठ झाला
जणू पोरगी पहिली आली.
कुणाला दिलं, मी विचारलं नाही.
माझं बोट पिवळं होतं, वहिनींच्या ओल्या हळदीने.
त्याने ते पाहिलं, आणि जागा करून दिली बाकावर.

मला चिचेवा येतं ते बाजारापुरतं:
टोमॅटो, किती, फार महाग, धन्यवाद.
तरी ऐकत बसले.
डेड्झा गेलं. सलिमा गेलं.
ग्रेशम प्रत्येक आकड्याला मान हलवायचा,
कधी होकाराने, कधी नुसतीच.
कुठेतरी जनरेटर सुरू झाला, आमचा नव्हे.

आतून वहिनींची हाक आली,
अगं, काय ऐकतेस? कोण आलं निवडून?
मी म्हटलं, थांबा जरा,
न्चेऊ अजून यायचंय.