आपण काही म्हणत नाही

ऋषिकेश गुल्हाने तालुक्याहून आला,
गाडी डीपीच्या खांबाला टेकवली,
खिशातून चौपदरी कागद काढला.
"विशेषण एकही नको," म्हणाला,
"भ्रष्ट नको, निष्क्रिय नको, हटवा-बिटवा तर मुळीच नको.
फक्त आकडे. माहिती अधिकारातले, सही-शिक्क्याचे.
आपण काही म्हणत नाही."

वीस वर्षं भिंती रंगवतोय मी.
रात्रीतून गेरूत 'मुर्दाबाद' काढलंय,
बियाण्याच्या कंपनीची बोंडं काढलीत
जी कोणाच्याच वावरात तेवढी फुटली नाहीत.
असं सभ्य काम पहिल्यांदाच.

दूध डेअरीची भिंत. चुन्याचे दोन हात.
वर फोटो, पंधरा ऑगस्टचा, चांगला निवडून:
झेंड्याकडं बघत हसते आहे तो.
"सौ. नको हं, श्रीमती. चूक नको व्हायला."
श्रीमती प्रमिलाताई खंडारे, सरपंच.

हातपंप ११. चालू ४.
मासिक सभा ६०. गैरहजर १९.

खाली बारक्या अक्षरात: विचार तुमचा.

"एकोणीसच्या भोवती जागा सोड," तो म्हणाला.
पोरगं हुशार. सोडली, हातभर.

हातपंपांचं खरंच आहे.
चारातले दोन खारे, चहा नासतो त्यात.
ते तिनं करायला हवं होतं, मीही म्हणतो.
पण एकोणीसला ब्रश लावताना
मंगळवार आठवत राहिले.
मंगळवारी अमरावती, देविदासभाऊचं डायलिसिस,
सभाही नेमकी मंगळवारीच पडायची.
त्यातल्या दोन खेपा फाट्यापर्यंत
माझ्याच गाडीवर, तिघं,
तो मधे, दुपट्ट्यात गुंडाळलेला, हलका.
हे कागदावर नव्हतं.
कागदावर नसलेलं रंगवायचे पैसे ठरले नव्हते.
अकराशे रुपये. खोटं एक अक्षर नाही.

सकाळी डेअरीवर लाईन लागली.
कोणी शिवी दिली नाही, कोणी हसलंही नाही.
कॅन पुढं सरकवत लोक वाचत होते,
ओठ हलत होते: साठातून एकोणीस.
देविदासच्या तिरडीला हेच खांदे होते.
"असंल बा, आपल्याले काय," बाबाराव तायडे म्हणाले,
"वाईट तं काई लिवलं नाई त्यानं."

संध्याकाळी ती आली,
पदर कमरेला, हातात रिकामी किटली.
वाचलं. मागं सरून पुन्हा वाचलं.
मी ओट्यावर बसून धुतलेलेच ब्रश धूत होतो.
"अक्षर सुंदर हाय तुह्यं," म्हणाली.
मग एकोणीसवर बोट टेकवलं,
रंग वाळला होता तरी जपून.
"वीस पाह्यजे.
त्यायच्या तेरवीच्या दिवशी सभा होती.
सचिवानं माही सही मारून देल्ली, हजर म्हून.
म्या नाई सांगतली होती मारा म्हून."

चुन्याचा हात मारला, वर २० काढले.
जागा तेवढीच होती, बसले.
खालचा एकोणीस मात्र पांढऱ्यातून दिसत राहिला,
दुसरा हात द्यायला चुना उरला नव्हता.

रात्र व्हायच्या आत गुल्हानेचा फोन.
"एक वाढला म्हणे! मस्त!
पण पुरावा आहे ना? आपल्याला पुराव्याशिवाय काही नको."

ती लायनीत उभी होती, शेवटून तिसरी,
किटली पायाशी ठेवून.
"आहे," मी म्हणालो.