वेखंडाची पुरचुंडी

दहीपुलाजवळ कोठावदेंच्या दुकानात मी मागितलं
वेखंड, भीमसेनी कापूर, मूठभर लवंगा
आणि पुदिन्याच्या तेलाची इवलीशी बाटली.
"घरात बाळ आलंय का?"
"नाही. उंदीर."
त्यांनी हसू दाबत पुडी बांधली.

मागच्या थंडीत रंगनाथने गोळ्या ठेवल्या होत्या
पिठात मळून, माळ्यावर.
उंदीर मेला. कुठे, ते सांगून गेला नाही.
अकरा दिवस सिडकोतलं आमचं घर
त्या मुठीएवढ्या जिवाने भरून राहिलं.
मी नाकाला पदर बांधून पोळ्या लाटल्या,
खिडक्या सताड, आत बोचरा गारठा,
आणि रंगनाथ निवांत मेथीची भाजी खात होता.
"कसला वास?"

तेव्हा कळलं.
त्या तापानंतर दोन वर्षं
तो नुसताच "छान झालंय" म्हणत होता.

म्हणून यंदा विष नको.
जुन्या मोज्यांत लवंगा भरून तोंडं आवळली,
कापसाचे बोळे तेलात बुडवून
गॅसच्या नळीमागे, मोरीच्या जाळीशी,
पिंपळगावहून वन्सं पाठवतात त्या बेदाण्यांपाशी,
उंदरांना तो डबा पाठ आहे.
तांदळात निर्गुडीचा पाला.
तेल उडून जातं, दर चार दिवसांनी पुन्हा बोळे,
पुन्हा बोटं गार.

एका रात्री चिचुंदरी दाराशी थांबली.
स्वतः एवढी वासाची,
तरी नाक उंचावून हवेतलं काहीतरी वाचलं
आणि भिंतीच्या कडेने परत फिरली.
खोटं कशाला, मला मान मिळाल्यासारखं वाटलं.

भोक मात्र रंगनाथने बुजवलं,
सिमेंटात काचेचा चुरा कालवून.
"नुसत्या वासावर भागत नाही," म्हणाला.
मग हात धुता धुता, "सांग ना, कसा आहे?"

पुदिना म्हणजे पहाटे गोदेत पाय घातल्यावर
पोटऱ्यांना जे होतं, ते नाकात.
लवंग म्हणजे दुखरी दाढ आणि जागी रात्र.
कापूर सांगता सांगताच संपला.
वेखंडाशी मी अडले.
वेखंडाला वेखंडाचाच वास येतो.
आणि आपल्या धाकट्याच्या टाळूचा,
बारा दिवसांचा होता तेव्हाच्या.

त्याने पुरचुंडी नाकाशी धरली,
बराच वेळ.
"हं," म्हणाला.
वास आला की आठवला, मी विचारलं नाही.

माळ्यावर काहीतरी खुडबुडलं.
दोघांनीही वर पाहिलं.