मीठ तेवढं बाहेरचं

इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटातून
मी भोगावतीकाठच्या या सात उंबऱ्यांत आले.
पहिल्याच मार्गशीर्षात आनूबाईंनी
डोक्यावर दुरडी दिली
आणि रेणुकेच्या वाटेवर मोजायला लावलं.
आंबील कुणाच्या जोंधळ्याची?
आपल्या.
ताक?
केरबा चौगल्यांच्या म्हशीचं.
कांद्याची पात ओढ्याकडच्या वाफ्यातली,
वांगी थोरल्या जाऊबाईंची, जरा किडकी,
पावट्याच्या घुगऱ्या, मेथी, गाजर,
दिव्यात करडईचं तेल,
वात परड्यातल्या एकुलत्या कापशीची.
मीठ?
मी गप्प.
"मीठ तेवढं बाहेरचं," त्या म्हणाल्या.
"गगनबावड्याच्या घाटानं येतंय.
समदंच आपलं असतं
तर देवीम्होरं मान कशाला वाकली असती, बाई?"

मला वाटायचं, देवीला काय,
दुकानातला पेढाही चालेल.
मग दिसत गेलं:
इथं सण पंचांगात नंतर येतो.
पात कोवळी झाली की पुनव जवळ,
म्हैस व्याली की पहिला चीक ओढ्यापलीकडं,
खळं उठलं की पाच सुपं बाजूला,
मगच कणगी.

त्या वर्षी भोगावती
देवळाच्या पायरीला शिवून परतली नाही,
थेट कणग्यांत शिरली.
जोंधळ्याला मोड आले, मोडांना वास.
चार महिने आम्ही
ट्रकातून आलेल्या पोत्यांवर जगलो.
पोत्यावर निळ्या शाईत कुठलंसं गाव,
धुऊन दोनच अक्षरं उरलेली.

मार्गशीर्ष आला.
केरबा म्हणाले, "औंदा आंबील न्हाई.
मिळाल्यालं तिला कसं दाखवायचं?"
कुणीच काही बोललं नाही.
आनूबाईंनी पोतं सोडलं,
मूठभर दाणे तळहातावर पसरले,
फुंकर घातली, एक चावून बघितला.
"काळ्या रानातला हाय, कोरडवाहू.
ह्येच्यासाठी बी कुणीतरी
गोफण घिऊन माळ्यावर बसलं असंल.
त्येच्या नावानं ठिवू."
गुरवानं नाव विचारलं.
"लांबचं पावणं," त्या म्हणाल्या.

पुढल्या सुगीला
पाच सुपांशेजारी सहावं सूप पडलं.
तेच पोतं, धुतलेलं, अक्षरं राखून,
भरून आढ्याला टांगलं, उंदीर पोचू नये असं.
"पाठवायचं कुठं?" मी विचारलं.
"कुठली तरी नदी
कुणाच्या तरी कणगीत शिरंल,
तवा कळंल."

आनूबाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली.
पोतं दोनदा गेलं, दोनदा रिकामं परत आलं,
एकदा तर आत कुणीतरी
मूठभर तीळ बांधून पाठवले होते.

काल सुनेच्या डोक्यावर दुरडी दिली,
वाटेत विचारत गेले.
पात, ताक, घुगऱ्या, तिनं भराभर सांगितलं.
मग म्हणाली, "आणि हे तीळ कुणाचे?"
ओढ्याला पाणी होतं.
मी तिचा हात धरला
आणि आधी पलीकडं गेले.